राहून गेलेलं 'नाही'

तिची आई म्हणायची, या पोरीला जीभ कमी आणि हात जास्त. धाकटा भाऊ जन्मतः बहिरा. त्याच्याशी बोलता बोलता खुणांची भाषा तिच्या बोटांत मुरली आणि पुढे तेच तिचं काम झालं. लांबच्या एखाद्या दवाखान्यात बहिरं माणूस आलं, की तिला कॉम्प्युटरवर बोलावत. डॉक्टर बोलत ते ती कॅमेऱ्यापुढे हातांनी सांगायची आणि रोग्याचे हात वाचून तोंडाने बोलायची. तेव्हा फोनवर चेहरे दिसायची सोय नव्हती.

घरात नेटची लाइन एकच, तीही नवऱ्याच्या कॉम्प्युटरला. तो घरांचे नकाशे काढायचा. त्याच्या कॉम्प्युटरमधून निघालेली निळी केबल भिंतीच्या कडेकडेने, दाराखालून तिच्या टेबलापर्यंत आली होती. त्याचा चालू, तर हिला नेट.

"म्हणजे माझं बोलणं तुमच्या हातात," ती म्हणायची.

"लग्नानंतर पहिल्यांदाच," तो म्हणायचा.

त्या दुपारी तो बांधकामावर गेला होता. हिच्या पडद्यावर एक वेल्डर होता. पाय लोखंडाखाली सापडलेला, अक्षरओळख नाही, आणि शेजारी खुणा समजणारं कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, "त्याला सांगा, पाय कापावा लागणार नाही. पण ऑपरेशन आजच व्हायला हवं."

नकार शेवटी येतो. आपल्या बोलण्यात येतो तसाच तिच्या खुणांतही. तिने पाय दाखवला, तळहाताची कड त्यावरून ओढली आणि 'नाही'साठी हात उचलला, तोच चित्र थिजलं. वेल्डरचे डोळे विस्फारलेले, तोंड अर्धं उघडं.

ती पलीकडच्या खोलीत धावली. नवऱ्याचा कॉम्प्युटर आपला आपणच बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. तेवढ्यात दवाखान्यातून नर्सचा फोन.

"अहो, काय सांगितलंत त्याला? सलाइन उपटून उठायला बघतोय!"

"पाय वाचणार म्हणून सांगत होते! मान हलवून नाही म्हणा ना."

"डॉक्टरांनी हलवली की. तो आणखीच बिथरला."

बिथरणारच. त्याला वाटलं असेल, डॉक्टर म्हणताहेत, आता इलाज नाही. तिने नवऱ्याला फोन लावला. मागे मशीनची घरघर.

"अहो, नेट लावलं, तुमच्या कॉम्प्युटरवर आलंय. माझ्याकडे येत नाही!"

"शेअरिंग सुटलं असेल, माझं नेट तुला वाटायची सोय. कनेक्शनवर माउसची उजवी कळ दाब. शेअरिंगपुढची खूण काढ आणि परत कर."

"केली. काही होत नाहीये!" तिचा आवाज चिरकला.

"रडू नकोस, ऐक. तुझ्याकडची केबल उपट, जरा थांब आणि परत खोच."

फोन खांद्याशी दाबून ती आपल्या खोलीत आली. केबल उपटली. थांबायचं म्हणजे किती? तिकडे तो मोडक्या पायावर उभा राहिला असेल तर? घाईत टोक भोकात बसेना. शेवटी खट् झालं आणि हिरवा दिवा लुकलुकला.

चित्र आलं. दोघा वॉर्डबॉयनी वेल्डरचे दोन्ही हात दाबून धरले होते. हातच धरले, म्हणजे त्याचं तोंडच बांधलं होतं.

"सोडा त्याला! हात सोडा त्याचे!" ती ओरडली.

त्यांनी सोडलं. या वेळी तिने आधी सांगितलं, पाय राहणार. मग, कापणार नाही. मग पुन्हा, पाय राहणार. तो टक लावून बघत राहिला. हळूहळू त्याचे हात उठले.

"मग मघाशी पळालीस कशाला?"

"पळाले नाही. तारेनं दगा दिला."

"तार? मला बोलवायचंस. जोडून दिली असती."

ते तिने डॉक्टरांना सांगितलं. वेल्डर मात्र स्वतःच्याच विनोदावर हसला आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागला. नर्सने नवीन सलाइन लावलं, तेव्हा त्याने गुपचूप हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. पाय शाबूत होता, पायाची करंगळी तेवढी कापावी लागली होती. तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "चला, सुटलो." फोन ठेवून ती खुर्चीत बसली, आणि 'कापणार नाही' म्हणून सांगितलेले ते हात बराच वेळ तिला मांडीवरून उचलवेनात.