सिंहाचं नाक

ती घटना आठवली की आजही मला आधी माझंच हसू येतं. बढती मिळून मी फौजदार झाले होते. खांद्यावर नुकतेच दोन तारे आले होते, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तो मी पोलीस ठाण्याच्या आतही काढत नसे. कारंजा गावातला अर्धा बाजार मला संशयित वाटायचा.

बाजारातल्या देवीच्या देवळाच्या दारावरचा पितळी सिंह चोरीला गेला. तोंडात कडी धरलेलं नुसतं मुंडकं, नारळाएवढं. सकाळी पंचनामा झाला, फिर्याद घेतली. दुपारी देवळाशेजारच्या चहावाल्याचा फोन आला. "मॅडम, एक पोरगा काल त्या सिंहाचे लय फोटो काढून राह्यला होता. विलायतेतून आला हाय. तिकडचं जुनं सामान आणून इकतो म्हणे."

खबर पक्की वाटली. पोराला उचललं. भाजीपाला पिकवणारं घर, पोरगा इंजिनिअर, कंपनीनं ट्रेनिंगला युरोपात पाठवलेला. त्याची आई देवळासमोर भाजी विकायची. ती मागोमाग येऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसली.

"बाई, उद्या त्याचा साखरपुडा हाय. जऊळक्याचे पाहुणे येऊन राह्यले. पोरगा ठाण्यात हाय असं समजलं तं दारातूनच परत जातील."

"मग चोराले पोरगी द्यावी काय त्यांनी?" मी म्हणाले. तेव्हा मी असंच बोलायची.

कॅमेरा ताब्यात घेऊन कॉम्प्युटरला जोडला. युरोपचे शेकडो फोटो, आणि त्यात माणूस एक नाही. दारांच्या कड्या, बिजागऱ्या, किल्लीची भोकं, पन्हाळीच्या तोंडाशी बसवलेले दगडी राक्षस. मधेच एका छोट्या प्राण्याचा लोखंडी अंगरखा.

"हे काय?"

"कुत्र्याचं चिलखत, मॅडम. म्युझियममधलं."

"मजाक करून राह्यला का माही?"

"नाही जी. शिकारीले नेत त्याले. रानडुकरानं फाडू नये म्हणून."

"एवढ्या दूर गेला आन् कड्या-कोयंडे पाहून आला? मनोरे नाही दिसले तुले?"

"मनोऱ्याचा फोटो सारेच काढतात. त्याच्या दाराची कडी कोनी पाह्यत नाही."

माझ्या मते, कुलपांचे फोटो काढणारा माणूस चोरच. मुद्देमाल कुठे दडवला, एवढंच विचारायचं बाकी होतं. तेवढ्यात पडद्यावर सिंह आला. मी खुर्चीतून उठलेच.

"तो तिकडचा हाय, मॅडम. आपला याच्या पुढं हाय."

पुढचा फोटो लावला. तशीच आयाळ, तशीच कडी. दोन्ही शेजारी शेजारी लावले, आणि काहीतरी खटकलं. नाक. दोघांचंही नाक स्वच्छ.

विलायती सिंहाचं असेल, पण आपल्या सिंहाचं नाक स्वच्छ कसं? देवीला जाणारी प्रत्येक बाई आधी तिच्या वाहनाला कुंकू लावते आणि बोट त्याच्या नाकपुडीत पुसते. वर्षानुवर्षांचं कुंकू तिथे घट्ट बसलेलं. नवरात्रात सिंह चिंचेनं घासतात, पण नाकाला कोणी हात लावत नाही. मागच्याच शुक्रवारी मीही वर्दीत तिथे बोट पुसून आले होते. म्हणजे फोटो काढण्याआधीच कोणीतरी ते कुंकू कोरून काढलं होतं. देवळाचा माल देवळाचा वाटू नये म्हणून.

चष्मा टेबलावर टाकला आणि व्हरांड्यात धावले.

"मावशी, सिंह घासला कोणी?"

"त्या चहावाल्यानं. परवा खिळा घेऊन बसला होता. म्हणे देवीची सेवा करून राह्यलो."

चहावाला ऐटीत आला. त्याला वाटलं साक्षीला बोलावलं. मी दोन्ही सिंह दाखवले आणि विचारलं, "नाक काहून कोरलं?" तो सेवा, भक्ती, नवस असं बोलत राहिला. मी गप्प. समोरचा गप्प बसला की खोटं बोलणाऱ्याला बोलत राहावं लागतं, एवढं मात्र मला तेव्हाही कळत होतं.

शेवटी तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणे, लाल दिसलं तं कोनी हात लावणार नाही. साफ असलं तं विलायती म्हणून खपते."

आणि विलायतेतून आलेला पोरगा आयताच समोर कॅमेरा घेऊन उभा होता. सिंह चहावाल्याच्या कोळशाच्या पोत्यात सापडला. पंचांसमक्ष जप्त केला.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला मी वर्दीत गेले, काळ्या चष्म्यासकट. पाहुण्यांचे चेहरे पडले. मी सरळ सांगितलं, "पोरगा काल ठाण्यात होता. त्याच्या फोटोनं देवीचा सिंह सापडला." मुलीचा बाप आधी पोराकडे, मग कॅमेऱ्याकडे बघत राहिला. पोराची आई म्हणाली, "बाई, पंगत बसून राह्यली. तो चष्मा ठेवा अन् जेवा."

दुसऱ्याची आवड आपल्याला विचित्र वाटली, की आपण त्यात गुन्हा शोधायला लागतो. पुढच्या सगळ्या नोकरीत मी आधी खबर देणारा पाहिला, मग खबर.

निवृत्तीनंतर मुलाने युरोप दाखवला. मी कड्याच पाहत फिरले. एका म्युझियममध्ये पितळी सिंह दिसला, तशी वाकून नाकपुडीचा फोटो काढायला लागले. पहारेकरी लगबगीनं आला. नात लाजून म्हणाली, "आजी, काय शोधून राह्यली तू त्याच्या नाकात?"

फोटो मी त्या पोराला पाठवला. आता तोही दोन लेकरांचा बाप आहे. लगेच उत्तर आलं.

"नाक जन्मापासूनच साफ हाय, मॅडम. सोडून द्या त्याले."