जहाजवाल्याची माय

माझ्या सासूबाईंना फोनवर ‘सगळं ठीक आहे’ असं म्हटलेलं चालत नसे. लग्नानंतर प्रवीणची सुट्टी संपली आणि तो विशाखापट्टणमला परत गेला. तो नौदलात, जहाजाच्या इंजिन रूममध्ये. पोहोचल्यावर त्याचा फोन आला तेव्हा नव्या सुनेला शोभेल अशा आवाजात मी म्हटलं, ‘इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नका.’ सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, ओल्या हातानेच माझ्याकडून फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘काई ठीक नाई. नळाले पाणी नाई, मिक्सर जळला, आन् हिचं तोंड आलं, तिखट खाऊन नाई राहिली. लाजून सांगत नाई तुले.’ पलीकडे प्रवीण हसत होता. मला मात्र कुठे लपू असं झालं.

आमचं घर नागपुरात, लकडगंजच्या मागच्या गल्लीत, जिथे आरा मशिनींचा आवाज दिवसभर येत राहतो आणि वारा आला की अंगणात भुसा साचतो. गल्लीत सासूबाईंना नावाने कोणी हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांसाठी त्या ‘जहाजवाल्याची माय’. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. सासर उमरेडच्या विणकरांचं. नागपूरच्या घरातही समोरच्या खोलीत एके काळी हातमाग होता. पुढे माग बंद पडला, मागाचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली आणि सासरे बुटीबोरीच्या कापड गिरणीत पाळीवर जाऊ लागले. माझं लग्न झालं तेव्हा ते हयात नव्हते. प्रवीण आईला माय म्हणायचा. महिन्याभरात मीही माय म्हणायला लागले.

फोनवरच्या त्या नियमाचं कारण तिने मला हिवाळ्यात एका दुपारी, सांबारवड्या करता करता सांगितलं. मी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते, ती पारी लाटत होती.

‘प्रवीण ओडिशात ट्रेनिंगले होता तवा याच्या बाबाची किडनी गेली,’ ती म्हणाली. ‘मी रोज फोनवर सांगो, बाबा ड्युटीवर गेले. बाबा झोपले. बाबा भाजी आणाले गेले. पोट्ट्याचं ट्रेनिंग बिघडू नये म्हणून. शेवटी बोलावलं तेबी खोटंच. म्हटलं, बाबाले थोडं बरं नाई, येऊन जा. पोट्टा स्टेशनावर उतरला. बाहेर आपल्या गल्लीतला ऑटोवाला होता. त्यानं याच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणे, झालं ते झालं गा, आता मायले सांभाळ.’

तिचं लाटणं थांबलं होतं.

‘बापाचं मरण त्याले ऑटोवाल्याकडून समजलं, मंजू. घरी आला, सगळं केलं, मले एक शब्द बोलला नाई. जाताना फक्त म्हणे, माय, तू मले परक्यासारखं वागवलं. मंग वर्षभर हेच. मी सांगो का आज वांग्याची भाजी केली, त म्हणे, खरं सांगून राहिली ना? वांग्याची भाजीबी त्याले खरी नाई वाटे.’

तेव्हापासून त्या घरातून फोनवर खोटं जात नव्हतं. आणि लहानसहान गोष्टही गाळली जात नव्हती, कारण तिच्या मते गाळलेलं आणि खोटं यांत फारसा फरक नव्हता.

जहाज समुद्रात गेलं की प्रवीणचा फोन कित्येक दिवस बंद असायचा. कुठे चाललो हे तो सांगू शकत नसे आणि मायने ते कधी विचारलंही नाही. ‘त्याचं काम त्याच्याजवळ राहू दे’ एवढंच म्हणायची. पण तिचं सांगणं थांबत नसे. जेवणं आटोपली की दारात पाट टाकून बसायची, फोन तोंडाजवळ धरायची आणि त्याच्यासाठी आवाज भरून पाठवायची. शेजारच्या आरा मशिनीचा पट्टा तुटला. मंजूला शाळेत शिकवायला दुसरा वर्ग दिला. आज वरण लागलं, आपल्यालाच वास आला नाही. संदेशापुढे एकच टिक दिसायची, म्हणजे तो पोहोचलेला नाही. मी एकदा म्हटलं, ‘माय, तो आत्ता ऐकणारच नाही, मग रोज कशाला?’

‘किनाऱ्यावर आल्यावर ऐकीन ना. तवा त्याले वाटलं पाहिजे का त्याच्या मागंबी घर चालूनच राहिलं होतं.’

आणि खरंच, जहाज बंदराला लागलं की दोन-दोन टिका झरझर उमटायच्या आणि संध्याकाळी प्रवीणचा फोन यायचा, ‘पट्टा जोडला का वं त्यानं?’ इतक्या दिवसांनी बोलणारा नवरा पट्ट्याबद्दल विचारतो याचा मला आधी राग यायचा. मग लक्षात आलं, मधले दिवस आमच्यात पडलेच नव्हते. आम्ही नव्याने ओळख करून घेत नव्हतो, कालचंच बोलणं पुढे नेत होतो. ही सोय मायने केली होती.

माझ्या रडण्यालाही तिची हरकत नव्हती. पहिल्या दिवाळीला तो आला नाही तेव्हा मी मोरीत बसून रडत होते. ती दाराशी आली. मला वाटलं समजूत घालेल. म्हणाली, ‘रडाचं असन त रड वं, पण भांडे घासता घासता रड. दोन्ही कामं होते.’ मी रडता रडता हसले आणि भांडी घासली. दुसऱ्या दिवशी तिने प्रवीणच्या संदेशात तेही सांगितलं. ‘मंजू मोरीत बसून रडली. तुझ्यामुळंच. पण भांडे चांगले निघाले.’

आमची आरू झाली तेव्हाही तो पाण्यावर होता. अशा वेळी घरच्यांनी निरोप द्यायला तिकडच्या एका ऑफिसचा नंबर असायचा. माझ्या खाटेशेजारी उभी राहून मायने तो लावला आणि आपल्या हिंदीत सुरू झाली, ‘भैया, पूरा लिखो. लडकी हुई. बहू अच्छी है, लेकिन टाके दुखते है. बच्ची सावली है, बाप पे गई. नाक मेरे पे.’ पलीकडचा माणूस बहुधा थोडक्यात सांगा म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, ‘उसका बाप है ना वो? तो पूरा लिखो.’ त्याने पूर्ण लिहिलं. पुढे प्रवीणने सांगितलं, जहाजावरच्या साहेबांनी तो निरोप सगळ्यांसमोर नाकासकट वाचून दाखवला होता.

पारशिवनीला माझ्या आईवडिलांनी मला शिकवलं, नोकरीला लावलं, चारचौघांत वागायला शिकवलं. नवरा दूर असताना कसं जगायचं, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते मला या बाईने दिलं. माझी शाळा सुटू नये म्हणून आरूला दिवसभर तिने सांभाळलं, आणि मी घरी आले की दिवसभरातलं सगळं मलाही पूर्ण सांगितलं, पोरगी खाटेवरून पडली तेसुद्धा.

आरू चालायला, बोलायला लागली त्या उन्हाळ्यात मायचं जेवण कमी झालं. पाठ दुखायची, डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, तर ती माझ्या मागोमाग शिरली. ‘मलेबी सांगा, पोट माझं हाय.’ स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. डॉक्टरांनी हळू आवाजात, पण सगळं सांगितलं.

परत येताना ऑटोत ती म्हणाली, ‘प्रवीणले आज सांगू.’

त्याचं जहाज काही दिवसांत लांबच्या फेरीवर निघणार होतं. मी म्हटलं, ‘आत्ता नको, माय. तो तिथे एकटा झुरेल. परत आला की सांगू.’

‘तो परत येईन तवा मी राहीन का?’

मी म्हटलं, ‘पण कळून तो तिथून करणार काय आहे?’

‘काई नाई करणार. माहीत त राहीन त्याले. त्याच्या बापाच्या वेळी मी त्याले तेवढंबी नाई देलं.’

त्या संध्याकाळी तिने स्वतः फोन लावला आणि वरण लागल्याचं सांगावं तशा आवाजात सगळं सांगितलं. प्रवीण म्हणाला, ‘मी येतो.’ जहाज निघण्याआधी त्याला थोडी सुट्टी मिळाली.

त्या दिवसांत घरात रडारड झाली नाही. मायने त्याच्याकडून पंखा दुरुस्त करून घेतला, माळ्यावरचं सामान काढून घेतलं. एका संध्याकाळी आम्ही तिला अंबाझरीला नेलं. ती तलावाकडे बघत बसली होती. म्हणाली, ‘तुझं पाणी याच्याहून किती मोठं गा?’

‘इथं पलीकडचं दिसते, माय. तिथं काहीच दिसत नाही.’

‘मंग दिवसभर पाहतं तरी काय तू?’

‘मी खालीच असतो, मशिनीजवळ. मला पाणी दिसतच नाही.’

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं तिच्या मनात तिचा मुलगा डेकवर उभा होता. मग ती हसायला लागली, पोट दुखेपर्यंत, आणि आम्हीही. ‘म्हणजे तूबी माझ्यासारखाच,’ ती म्हणाली. ‘दोघांनीबी समुद्र नाई पाहिला.’

निघताना तो तिच्या पाया पडला. तिने त्याला आशेला लावलं नाही. ‘मी बरी नाई होणार. पण तू जाय. मंजू सांगत राहीन तुले.’

मग आवाज भरण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. आज मायने दोन घास खाल्ले. आज नाही खाल्ले. आज आरूने तिचे पाय दाबले. एकदा मी ‘आज जरा बरी आहे’ म्हटलं, तर खाटेवरून तिने नुसती मान हलवली. मी पुन्हा भरलं, ‘आज बरी नाही. रात्रभर दुखलं.’

ती गेली तेव्हा सकाळ होती. तिने चहा मागितला. मी चमच्याने दोन घोट दिले. ती म्हणाली, ‘अद्रक नाई टाकलं का वं?’ मी अद्रक आणायला उठले, किसून परत आले, तोवर तिला झोप लागली होती. त्या झोपेतून ती उठली नाही.

प्रवीणची काकू आली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘त्याले एकदम नको सांगू. सीरियस हाय म्हण. पोट्टा पाण्यावर हाय, काई करून बसन.’ तिच्या मनात मायाच होती. पण मी त्या ऑफिसात फोन लावला आणि मायच्याच हिंदीत म्हटलं, ‘भैया, पूरा लिखो.’ आई गेली. सकाळी गेली. शेवटचे दोन दिवस दुखणं कमी होतं. चहा मागितला, त्यात अद्रक नव्हतं. संध्याकाळी काकूचा मुलगा अग्नी देईल. मी मध्येच थांबले की पलीकडचा माणूसही लिहायचा थांबत होता.

प्रवीण घरी पोहोचला तेव्हा बरेच दिवस उलटले होते. तो आत आला, तिच्या फोटोला हात जोडून बसला. काकू रडत त्याच्याजवळ आली. ‘शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती रे बाळा. प्रवीण, प्रवीण करत गेली.’

‘नाही काकू,’ तो शांतपणे म्हणाला. ‘माझं नाव नाही घेतलं तिनं. चहा मागितला. मले माहीत हाय.’ आणि त्याने काकूचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

त्याने मला काही विचारलं नाही. कधी, कसं, जवळ कोण होतं, आधी का नाही कळवलं, यातलं विचारायला काही उरलंच नव्हतं. तो जेवला. दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा वर आला, पिळे सोडवून माझ्या हातात देऊ लागला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिकडचं तो कधी सांगत नसे. मी विचारलं तर म्हणायचा, काही नाही, नेहमीचंच. त्या दुपारी मी न विचारताच म्हणाला, ‘मला निरोप आला तेव्हा मी खाली ड्युटीवर होतो. साहेबांनी वर बोलावलं. त्यांनी स्वतः वाचून दाखवला, पूर्ण. मला झोपायला सांगितलं. पण मी परत खालीच गेलो, मंजू. तिथं मशिनींचा एवढा आवाज असतो, की माणूस रडला तरी कोणाले ऐकू येत नाही.’

तो थांबला. माझ्या हातातला आरूचा ओला फ्रॉक तसाच राहिला.

‘मग?’ मी विचारलं.

आणि तो सांगत राहिला.