हाडाची कवडी

प्राचीन चीनमध्ये पैसे म्हणून चालणाऱ्या कवड्या मी जमवतो. पेटी उघडली की कापराचा वास येतो आणि मी पुन्हा डहाणूच्या किनाऱ्यावर आईशेजारी उभा असतो. २०१७ साल होतं. वादळ सुटलं होतं, सुकत घातलेले बोंबील काठीवर फडफडत होते आणि भावाची बोट अजून आत समुद्रात होती.

"घाबरू नको," आईच म्हणाली. "तुझ्या पेटीतली सगळ्यात जुनी कवडी बोटीच्या तोंडाशी बांधलीय मी. दर्याला आपली वस्तू कळते."

ती कवडी दर्यातली नव्हतीच. प्राचीन काळी चीनमध्ये समुद्रापासून लांब राहणाऱ्या कुणीतरी हाड कोरून केलेली ती नक्कल होती. मी नुसतं "हो" म्हणालो.

भाऊ आला नाही. आई अजून विचारते, "खरंच जुनी होती ना रे ती?"