विमलाक्कांचं कपाळ

तोंड रंगवून घेणाऱ्या माणसाला हलता येत नाही, म्हणून तो बोलत सुटतो. मी वीस वर्षं कोल्हापुरात मेकअपमन म्हणून काढली. रंग संपत गेले आणि किस्से साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या विमलाक्कांचे!

अक्का विशीत सिनेमाच्या हिरोईन होत्या. तिशीत आई झाल्या, आणि तीही आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या हिरोची! पहिल्याच शॉटला तो पाया पडायला वाकला आणि त्याची कंबर धरली. अक्का आशीर्वादाचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "बाळा, आदी बाम लावून ये जा."

युनिट हसून लोळलं. अक्का मेकअपरूममध्ये येऊन रडल्या. डोळ्यांखालचं सगळं काम मला पुन्हा करावं लागलं.

*

मग नाटकं. एका जत्रेत अक्का खाष्ट सासू झाल्या होत्या. प्रयोग संपल्यावर एक म्हातारी थेट विंगेत घुसली आणि अक्कांच्या थोबाडीत दिली. "सुनंला चटकं देतीस व्हय गं?"

आम्ही तिला ओढायला धावलो. अक्का गाल धरून म्हणाल्या, "सोडा रं तिला. हिच्या लेकीचं काय झालंय, त्ये इचारा आदी."

म्हातारी मटकन खाली बसली. विचारायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

*

पुढे अक्कांना विधवेचीच कामं येऊ लागली. एक निर्माता तोंडावर म्हणाला, "पांढऱ्या साडीत बाई खुलून दिसतात!"

तो गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "दत्ता, ह्येच्या बायकूला नेसवून बघ म्हणावं की!"

मला त्या माणसाचा संताप आला होता. पण काम नाकारून चालणार नव्हतं. दाजी, म्हणजे अक्कांचे यजमान, फौंड्रीत मोल्डर होते, वाळूचे साचे भरायचे. धुळीनं त्यांची छाती कामातून गेली होती आणि घर अक्कांवर चालायचं.

*

विधवेच्या अशाच एका नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी नवरा मरायचा. मध्यंतरात मी अक्कांचं कुंकू पुसायचं आणि प्रयोग संपला, की त्यांनी आरशात बघायच्या आत पुन्हा लावायचं, हा त्यांचा नेम. मिटल्या डोळ्यांनी कपाळ पुढं करायच्या.

एकदा नृसिंहवाडीच्या प्रयोगानंतर गडबडीत ते राहून गेलं. बस शिरोळच्या पुढं आली आणि अक्कांचा हात कपाळाला गेला. "गाडी थांबवा! नवरा जित्ता हाय माझा!"

सगळी बस हसली. अक्का हसल्या नाहीत. मी टपावर चढून रंगपेटी उतरवली.

*

एका रविवारी त्याच नाटकाचा दुपारचा प्रयोग होता. दाजी आठवडाभर दवाखान्यात होते. मध्यंतरात मॅनेजरच्या मोबाईलवर फोन आला. दाजी गेले.

मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हाऊसफुल्ल हाय, दत्ता. पडदा पडूस्तवर गप बस."

मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते. क्रीम घेतलं आणि अक्कांचं कुंकू पुसलं.

दुसऱ्या अंकात अक्का अशा रडल्या, की टाळ्या थांबेनात.

पडदा पडला. अक्का खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं. कुंकवाचा करंडा माझ्या हातात तसाच राहिला.

"अक्का, एक सांगायचं हाय..."

"ठावं हाय मला. पुसताना तुझा हात थरथरत हुता." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "लाव. दवाखान्याच्या दारापतूर तरी ऱ्हाऊ दे."