रंगाऱ्याचा डॉबरमन

चिकपेटच्या मागच्या एका बोळात ज्योतिबा हंचाटे साड्या रंगवायचा. बेंगळुरात त्याच्या घराण्याच्या चार पिढ्या या धंद्यात गेल्या होत्या. बोळात शिरलं की आधी निळीच्या पिंपांचा आंबूस वास नाकात जायचा आणि मग ज्योतिबा दिसायचा. कोपरापर्यंत निळे हात, कपाळाला गंध आणि तोंडी स्वतःचीच तारीफ. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या रंगाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. एखाद्या बाईनं भीत भीत विचारलं, रंग जाणार नाही ना, की तो साडीचा पदर तिच्यासमोरच साबणाच्या पाण्यात बुचकळायचा, खसाखसा चोळायचा आणि घमेलं तिच्या पुढ्यात सरकवायचा. पाणी जसंच्या तसं स्वच्छ असे. मग दिवसभर त्याचे पाय जमिनीला लागत नसत.

साठ साल उजाडेपर्यंत गिरण्यांचं रंगीत कापड दुकानादुकानांत येऊन पडलं आणि त्याची पिंपं अर्धी रिकामी राहू लागली. पोटाला कमी नव्हतं, दोन्ही मुलगे गिरणीत लागले होते. कमी पडत होतं ते कौतुक. कौतुकाच्या भुकेल्या माणसाला काहीही खाऊ घालता येतं, हे कल्लाप्पाला बरोबर ठाऊक होतं.

कल्लाप्पा मूळचा निपाणीकडचा. इथे कँटोन्मेंटात तो कुत्र्यांची दलाली करायचा. इंग्रज गेले तरी त्यांच्या कुत्र्यांची हौस मागे राहिली होती. नव्या सरकारी कारखान्यांतल्या साहेबलोकांना बंगल्याच्या दारात जातिवंत जनावर हवं असायचं, आणि कल्लाप्पाकडे जातिवंत सोडून बाकी सगळं होतं. एके दिवशी तो ज्योतिबाच्या ओट्यावर बसून म्हणाला, "अण्णा, तुम्ही रेशीम रंगवता ते किड्याचं. लोकर रंगवता ती कातरलेली. जित्या केसावर रंग पक्का बसवून दाखवा, मग मी तुम्हाला मानतो."

हरभऱ्याच्या झाडावर चढायला ज्योतिबाला शिडी लागत नसे.

पिंपांच्या मागे एक पांढुरकी कुत्री व्यायली होती. ज्योतिबाची बायको ठकुबाई तिला रोज उरलेला भात घालायची. तिच्या पिलांतलं एक लांब पायांचं, अरुंद तोंडाचं पिलू कल्लाप्पानं उचललं आणि कुणाकडून तरी त्याचं शेपूट तोडून आणलं. जखम भरत आल्यावर तो पिलू आणि एक छापील चित्र घेऊन हजर झाला. चित्रात डॉबरमन कुत्रा होता. शेपूट तोडलेलं, अंग काळं कुळकुळीत, तोंड, छाती आणि पाय तांबूस आणि डोळ्यांवर दोन तांबूस टिकल्या.

ज्योतिबानं सबंध पिलाला आधी मेंदी लावली, मग तांबूस ठेवायची जागा सोडून वर निळीचा लेप दिला. पिलू त्याच्या मांडीवर झोपून गेलं. मागच्या मांडीवर त्याला दाताची एक खूण सापडली, वर खपली धरलेली. कल्लाप्पानं पिलू उचलण्याआधी कुठलासा अनोळखी कुत्रा बोळात घुसून कुत्रीवर आणि पिलांवर तुटून पडला होता, त्याचीच ती खूण. कुत्र्यांची भांडणं कोण मनावर घेतो? ज्योतिबानं खपलीवर हळद दाबली आणि भोवतालचे केस जास्तच निगुतीनं काळे केले, कारण तिथे पांढरं दिसलं असतं तर सगळ्या कामाला बट्टा लागला असता.

पिलू सुकलं तेव्हा कल्लाप्पानंही आ वासला. दोन दिवसांत त्यानं ते पद्माकर टेंबे नावाच्या इंजिनीअरला विकलं.

हे ज्योतिबाला कळलं ते टेंब्यांच्या बायकोकडून. विद्या टेंबे पुण्याची. विटलेली रेशमी साडी जांभळी करून घ्यायला ती मुलीला घेऊन बोळात आली, आणि दुकानात मराठी ऐकून इतकी खूष झाली की साडीचं बोलणं बाजूलाच राहिलं. सहा वर्षांच्या सुलभाला तर घरच्या नव्या कुत्र्याशिवाय दुसरा विषयच नव्हता. कल्लाप्पानं आणून दिलेला डॉबरमन, नाव कैसर. विद्या हसत हसत सांगू लागली, आमचे हे रोज संध्याकाळी इंग्रजी पुस्तक उघडून बसतात आणि कैसरला त्यातल्या वर्णनाशी ताडून बघतात. रंग जुळला, टिकल्या जुळल्या, पायांची ठेवणसुद्धा जुळली. घोडं अडलंय ते स्वभावापाशी. पुस्तक म्हणतं, ही जात तिखट, परक्यावर विश्वास न टाकणारी. आणि आमचा हा दूधवाल्याच्याही मांडीवर लोळतो. त्यामुळे हे जरा हिरमुसले आहेत.

ज्योतिबाच्या छातीत आनंद मावेना. शिकलेला माणूस रोज दिवा लावून आपलं काम तपासतो आणि त्याला एक खोट सापडत नाही! "साडी मीच घरी आणून देतो, अक्का," तो म्हणाला. त्याला आपलं काम एकदा डोळे भरून बघायचं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी बोळातली कुत्री अन्नाला शिवेनाशी झाली. आधी तिनं दगड चावले, मग हातगाडीवाल्याच्या पोटरीचा लचका तोडला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि जबडा मिटत नव्हता. कॉर्पोरेशनच्या माणसांनी तिला काठ्यांनी मारून नेलं. दोन दिवसांत तिची बोळात उरलेली पिलंही तशीच गेली. हातगाडीवाल्याला घेऊन ज्योतिबा सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचेच हात उलटेपालटे करून पाहिले. चुन्यानं आणि निळीनं ते कायमचे चिरलेले. ही कुत्री तुला चाटत होती का, असं त्यांनी विचारलं. चाटत होती, रोजच. पोटातली चौदा इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्याला पिलाच्या मांडीवरची ती खपली आठवली आणि त्याची पाचावर धारण बसली.

घरी आल्यावर त्यानं ठकुबाईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्या पोरीच्या घरी जावा. आत्ताच्या आत्ता." सरी, बरं, उद्या जातो, असं तो म्हणाला. उद्या आला तेव्हा त्यानं आधी कल्लाप्पाला गाठलं. कल्लाप्पानं ऐकून घेतलं, प्रत्येक कुत्रं थोडंच पिसाळतं म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी होसकोट्याला बहिणीकडे निघून गेला. आता बोलायचं तर एकट्या ज्योतिबानंच. चार पिढ्यांचं नाव जाईल, लोक म्हणतील हा कुत्री रंगवतो, पोलीसही दारात येतील. आणि समजा, पिलाला काही झालेलंच नसेल? मग तर हात दाखवून अवलक्षण. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांचा तोटा पडत नाही. रोज सकाळी तो जाऊन स्वतःच्या पोटात सुई टोचून घ्यायचा आणि रोज टेंब्यांकडे जाणं पुढे ढकलायचा.

तिसऱ्या दिवशी त्यानं साडी काखोटीला मारली आणि बस धरली. आज सांगायचंच, असं मनाशी ठरवून निघाला होता.

टेंबे घरीच होते आणि भलत्याच खुशीत होते. साडी कोणाची, कोण आलंय, हे न विचारताच त्यांनी ज्योतिबाला आत बोलावलं. कॉटखालच्या अंधारात कैसर बसला होता. रंग तसाच झळाळत होता, पण नजर एकटक झाली होती. ज्योतिबाचं पाऊल वाजताच तो गुरगुरला. आवाज पिलाचा नव्हता. घोगरा, फाटका, घशाच्या तळातून आलेला होता.

"बघितलंत? परवापासून स्वभाव उतरायला लागलाय," टेंबे म्हणाले. पुस्तक हातातच होतं. जातीचा आवाज असाच भारदस्त असतो, त्यांनी समजावलं. खुर्चीचा पाय कुरतडून त्यानं भुगा केला होता, तो त्यांनी कौतुकानं दाखवला. ही जबड्याची ताकद. काल दूधवाल्यावर धावून गेला, ही राखणीची वृत्ती. सकाळपासून विद्यानं ठेवलेल्या दुधाला तोंड लावलं नाही, कारण ही जात एकाच मालकाला मानते. पुस्तकातलं एकेक वाक्य ते वाचत होते आणि कॉटखाली बोट दाखवत होते. एकही वाक्य चुकत नव्हतं.

हे सगळं ज्योतिबानं आठवड्यापूर्वी पिंपांच्या मागे पाहिलं होतं, पुस्तकाशिवाय. सुलभा कॉटजवळ फरशीवर पालथी पडून कैसरला लाडानं हाका मारत होती.

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात विद्यानं साडी उलगडली. जांभळा रंग खोलीभर पसरला. तिनं हरखून नवऱ्याला हाक मारली, आणि टेंबेही म्हणाले की वा, याला म्हणतात हात. ज्योतिबानं तोंडाशी आलेलं गिळलं. निघताना दारातून तो एवढंच म्हणाला, "पोरीला जरा लांब ठेवा, अक्का. जातीचं कुत्रं आहे."

टेंबे हसले. घरच्या मुलांशी ही जात गाईसारखी गरीब असते, तेही पुस्तकात होतं.

त्या रात्री ठकुबाईनं त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. सहावं इंजेक्शन घेऊन ज्योतिबा दवाखान्यातून बाहेर पडला तो घरी गेलाच नाही. पोट धरून तसाच टेंब्यांच्या घरी पोचला.

कैसर व्हरांड्यात साखळीला होता. आता तो गुरगुरत नव्हता. मागचे पाय लुळे पडले होते, जबडा लोंबत होता आणि फरशीवर लाळेचं थारोळं साचलं होतं. दात येताहेत म्हणून लाळ गळते, असं टेंब्यांनी बायकोला सांगितलं होतं. तिचा मात्र त्यावर विश्वास उरलेला दिसत नव्हता. सुलभाला कडेवर घेऊन ती दारात उभी होती.

ज्योतिबानं एका दमात सगळं सांगून टाकलं. बोळातली कुत्री, मेंदी, नीळ, मांडीवरची खपली, पिसाळून मेलेली पिलं. हा डॉबरमन नाही साहेब, गावठी पिलू आहे, मी रंगवलेलं.

टेंब्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले आणि मग भडकले. कल्लाप्पाला बडं गिऱ्हाईक भेटलेलं दिसतं, म्हणून कुत्रं परत काढायला तुला पाठवलंय, असं म्हणत त्यांनी त्याला फैलावर घेतलं. बागेच्या नळावर रुमाल भिजवून साबण लावला आणि साखळी आखडून कैसरची पाठ खसाखसा घासली. रुमाल पांढराशुभ्र निघाला. त्यांनी तो ज्योतिबाच्या तोंडासमोर धरला.

"केसाच्या मुळाशी बघा, साहेब. तिथं पांढरं असेल."

टेंब्यांनी केस फाकवून पाहिले. मुळाशी फिकं होतं. आतली लव करडी असली तर ती खोट धरत नाहीत, हेही त्यांच्या पुस्तकात दिलेलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा ज्योतिबाला वाटलं, देवा, माझा रंग एकदा तरी जाऊ दे. कैसरच्या पाठीवरून ओघळलेलं साबणाचं पाणी फरशीवरून स्वच्छ वाहत होतं. टेंबे त्याला फाटकाकडे ढकलू लागले. मग ज्योतिबानं लाज सोडली आणि अंगातला सदरा गळ्यापर्यंत वर केला.

पोटावर सुजून आलेल्या गाठी होत्या, काही पिवळट पडलेल्या, एक अजून लालभडक. "मला ह्या पिलाच्या आईनं नुसतं चाटलं होतं, अक्का," तो विद्याकडे बघून म्हणाला. "तेवढ्याला चौदा द्यावी लागतात. पोरीला आजच न्या."

टेंब्यांचा हात खाली आला. विद्या दोन पावलं पुढे आली आणि वाकून त्या गाठी बघत राहिली. बघताना तिचे ओठ मोजल्यासारखे हलत होते.

"रोज एकच देतात ना?" तिनं विचारलं.

"होय."

"म्हणजे साडी घेऊन आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

ज्योतिबानं सदरा खाली घेतला. "होय," तो म्हणाला.

"सुलूला तो काल चावला," विद्या म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "पापी घेत होती त्याची."

कुठे चावला, हे ज्योतिबाला विचारवेना. सुलभानंच आईच्या खांद्यावरून मान वळवली आणि वरच्या ओठाला बोट लावून दाखवलं. तिथे मुगाएवढी खपली होती. ओठावरचा चावा म्हणजे काय, हे त्यानं रोज दवाखान्याच्या रांगेत बसून ऐकलं होतं. पायाला चावलं तर औषधाला वेळ मिळतो. तोंडाला चावलं तर बहुतेक वेळा मिळत नाही. हे त्यानं विद्याला सांगितलं नाही. तो धावत कोपऱ्यावर गेला आणि घोड्याचा जटका घेऊन आला.