रेडकर मॅडम आणि गप्प बसणारे स्टेशन

श्रीमती सुनंदा रेडकर यांची आणि माझी पहिली ओळख एका सरकारी अहवालातून झाली, आणि ती मुळीच गोड नव्हती. मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात मी आणि माझी भागीदार फरझाना शेख मोबाइल टॉवरचे काम करणारी छोटी बेस स्टेशने तयार करत होतो. आमच्या पेटंटच्या अर्जावर पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला, तेव्हा फरझाना टेबलाशी सोल्डरिंग करत बसली होती. मी अहवाल मोठ्याने वाचू लागले. एकामागून एक आक्षेप येत गेले. शेवटी तिने सोल्डरगन बाजूला ठेवली.

"अर्चू, बस कर यार. वाट लागली आपली. कोण आहे ही बाई?"

अहवालाखाली नाव होते, सु. रेडकर.

त्या बाईंना आज पासष्ट वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. खरे तर हा ग्रंथ त्यांच्या साठीलाच निघायचा होता. पण त्यांनी तेव्हा ठाम नकार दिला. "कालपर्यंत मी ज्यांचे अर्ज तपासले, ते आज माझं कौतुक लिहिणार? शोभत नाही ते," असे त्यांनी सहकाऱ्यांना सुनावले. या वेळी संपादकांनी त्यांना न विचारताच काम सुरू केले, हे बरे झाले.

मॅडमच्या कामाची थोरवी कळावी म्हणून आमचा शोध थोडक्यात सांगते. प्रत्येक बेस स्टेशन ठरलेल्या क्षणी एक इशारा हवेत सोडते. त्याला आम्ही सिंक सिग्नल म्हणतो. आपला फोन तो ऐकतो आणि त्यावर आपले घड्याळ लावून घेतो. शेजारशेजारच्या स्टेशनांचे क्षण जुळले नाहीत, तर त्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात आणि चालता चालता फोनवरचे बोलणे तुटते. उघड्यावरची स्टेशने उपग्रहाकडून वेळ घेतात. तळघरात उपग्रह पोचत नाही. तिथल्या स्टेशनाने शेजारचे स्टेशन ऐकून स्वतःची वेळ लावायची. पण स्वतः बोलत असताना त्याच क्षणी बोलणारा शेजारी कसा ऐकू येणार? म्हणून अधूनमधून गप्प बसावे लागते. आमचे स्टेशन असे गप्प बसत असे, आणि तेच आम्ही आमचा शोध म्हणून मांडले होते.

मॅडमनी अहवालात परदेशातला एक जुना दस्तऐवज समोर ठेवला. त्यातले स्टेशनही गप्प बसत होते. त्याशिवाय, तुमची पद्धत म्हणजे नुसते गणित आहे आणि गणिताला पेटंट मिळत नाही, असाही एक आक्षेप होता.

आम्ही सुनावणी मागितली. परीक्षक म्हणून सुरुवात करून मॅडम तेव्हा निर्णय देणाऱ्या अधिकारी झाल्या होत्या. समोर आल्या त्या सुती साडीतल्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. आमचे पेटंट एजंट मोठे भाषण तयार करून आले होते. मॅडमनी ते पूर्ण ऐकून घेतले. मग त्या फरझानाकडे वळल्या.

"तुमचं स्टेशन गप्प बसतं, हे मला कळलं. पण जगात आधीही स्टेशनं गप्प बसलेली आहेत. कधी गप्प बसायचं, हे तुमचं कसं ठरवतं?"

फरझाना गोवंडीत वाढलेली. घाबरली की ती जास्तच वेगाने बोलते. "मॅडम, ते जुनंवालं आहे ना, ते ठरलेल्या अंतराने गप्प बसतं. गरज असो नसो. आणि जितक्या वेळा गप्प, तितक्या वेळा फोनवाल्यांची पंचाईत. आमचं तसं नाही. तळघर तापलं की घड्याळ सरकायला लागतं. आमचं स्टेशन ते सरकणं मोजतं, पुढे किती सरकेल त्याचा अंदाज काढतं, आणि हाताबाहेर जायच्या जरा आधी, त्या शेजाऱ्याच्या बोलण्याच्या वेळेलाच गप्प बसतं. बाकी वेळ बोलत राहतं."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे अर्जात कुठे आहे?"

आम्ही पाने उलटली. वर्णनात ते होते, आकृतीसह होते. पण ज्यावर हक्क सांगायचा त्या दाव्यांत त्याचा उल्लेखही नव्हता. आम्हीच ते किरकोळ समजलो होतो.

"मग दाव्यात काय लिहायचं, मॅडम?" मी विचारले.

"ते मी सांगू शकत नाही. मी फक्त विचारू शकते. आणि मला जे विचारायचं होतं, ते मी विचारलं."

आणखी एक गोष्ट त्यांनी मागितली. घड्याळाचे हे गणित कागदावर राहते की तळघरातल्या फोनवर त्याचा परिणाम दिसतो, ते चाचण्या करून दाखवा. आमच्या एजंटांनी त्यांना गाळ्यात येऊन प्रत्यक्ष पाहण्याचे निमंत्रण दिले. मॅडम हसल्या. "मी पाहून उपयोग नाही. उद्या दुसरं कोणी वाचेल, त्याला पटायला हवं."

गाळ्यात परत आल्यावर फरझाना म्हणाली, "अगं, डोंगर मागायला गेलो होतो, टेकडी घेऊन आलो." तरी आम्ही बसलो. दावे कापले, छाटले आणि त्या किरकोळ वाटलेल्या परिच्छेदावर सगळा भार टाकला. चाचण्या घेतल्या. पेटंट मंजूर झाले.

त्या दिवशी आम्ही दोघी पेढे घेऊन कार्यालयात गेलो. मॅडम उठून उभ्या राहिल्या, दोघींचे अभिनंदन केले आणि पेढ्यांना हातही लावला नाही. "घरी न्या. माझ्या टेबलावर आता दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज आहे. त्याने कधी पेढे आणायचे?"

हा करडेपणा त्यांच्या स्वभावातला नाही, तो त्यांनी कामासाठी बाणवला आहे, हे मला पुढे कळले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले एक परीक्षक सांगतात की, नवख्यांनी अहवालात 'हे उघड आहे' असे लिहिले की मॅडम कागद परत पाठवत. "उघड कुणाला? तुला की मला? कुठल्या दस्तऐवजावरून? ते लिही." अर्जदाराला 'नाही' म्हणताना परीक्षकाला कष्ट पडले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. आणि हे कष्ट त्यांनी आधी स्वतः घेतले. घाटकोपरच्या गिरणी कामगाराची ही मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकली ती जुन्या काळातले. मोबाइलच्या नव्या पद्धतींचे अर्ज टेबलावर येऊ लागले, तेव्हा त्यांनी रजा टाकली आणि अंधेरीच्या एका महाविद्यालयात परवानगी काढून मुलांबरोबर शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलांना वाटले, तपासणीला कोणी आले आहे. पहिला आठवडाभर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येत होती म्हणे. नंतर त्याच मुलांनी त्यांना आपल्या वह्या दिल्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमकडूनच शंका सोडवून घेतल्या.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यामुळे मी त्यांना नुसते मानत नाही, त्यांच्यापुढे नतमस्तक होते.

पेटंट मिळाल्यावर वर्षभरात, हितसंबंध असलेला कोणीही त्याला विरोध करू शकतो. आमच्या पेटंटला एका बलाढ्य कंपनीने विरोध केला. तिलाही तशीच स्टेशने विकायची होती आणि वाटेत आमचे पेटंट आडवे येत होते. वकिलांची फौज, जाडजूड कागदपत्रे, परदेशी तज्ज्ञांची मते. आमच्या हातात एका रुग्णालयाच्या तळघराची मोठी ऑर्डर होती. तीही या निकालावर अडकली. गाळ्यातली माणसे काही विचारत नव्हती, पण चहाच्या वेळी सगळे हळू आवाजात बोलू लागले होते.

मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्या मुलुंडलाच राहतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एके दिवशी फरझानाला त्या भाजीबाजारात अळूची पाने निवडताना दिसल्या. हिने तिथेच सगळे सांगायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "घरी या. पण केसबद्दल बोलायचं नाही."

आम्ही गेलो, आणि अर्थातच बोललो.

"मॅडम, फक्त एक शपथपत्र द्या. या पेटंटचा शब्दन्‌शब्द तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले.

"नाही."

"निदान आमचं उत्तर तरी वाचून बघा."

"तेही नाही. अर्चना, तो निर्णय मी दिलाय. आता मीच त्याची वकिली करत फिरले, तर मी निर्णय दिला होता की तुमची बाजू घेतली होती?"

फरझाना खुर्चीत पुढे सरकली. "मॅडम, पेटंट गेलं तर ऑर्डर जाईल. ऑर्डर गेली तर शटर खाली. आमच्याकडे घरं चालवणारी माणसं आहेत."

मॅडमना वाईट वाटत होते, ते चेहऱ्यावर दिसत होते. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पेटंट टिकायला माझी गरज लागत असेल, तर मी ते द्यायलाच नको होतं. मला वाटतं, नाही लागणार."

एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तव्यावर घावणे घालू लागल्या. आम्ही उठतो म्हटल्यावर आतूनच आवाज आला, "बसा गो! उपाशी पोटान भांडूक जाव नये." त्यांची मालवणी आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. खाताना फरझानाच्या अम्मीच्या दम्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी त्याची चौकशी केली. पुढच्या आठवड्यात अम्मीला दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा आम्ही दोघी सुनावणीच्या तयारीत अडकलो होतो. ते कानावर येताच मॅडम कोणी न सांगता गोवंडीला गेल्या आणि दिवसभर अम्मींच्या उशाशी बसल्या. केसबद्दल तिथेही चकार शब्द नाही.

सुनावणी नव्या अधिकाऱ्यांसमोर झाली. समोरच्या वकिलांनी तोच जुना परदेशी दस्तऐवज उघडला. त्यांचे सगळे बोलणे एका गोष्टीवर होते, स्टेशन गप्प बसणे यात नवे काही नाही. आमचा पहिला, डोंगराएवढा दावा असता, तर तो त्या दुपारीच कोसळला असता. आता फरझाना उठली. या वेळी ती अजिबात घाईने बोलली नाही.

"साहेब, त्यांचं स्टेशन घड्याळ बघून गप्प बसतं. आमच्या स्टेशनचा आपल्या घड्याळावर भरवसा नाही, म्हणून ते गप्प बसतं. यांनी आणलेल्या कागदांपैकी एका तरी कागदात असं स्टेशन दाखवा."

वकिलांनी पाने उलटली. पुन्हा उलटली. एका तज्ज्ञाच्या कानात काही कुजबुजले. त्यांना दाखवता आले नाही.

विरोध फेटाळल्याचा आदेश आला, तेव्हा गाळ्यात जो गोंधळ झाला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. शेजारच्या गाळ्यातले लोक काय पेटले म्हणून धावत आले आणि पेढे खाऊन गेले. "झकास! झकास!" एवढेच फरझाना म्हणत होती आणि रडत होती. ऑर्डर सुटली. आणि ज्या कंपनीने विरोध केला होता, तिनेच काही महिन्यांनी आमच्याकडून रीतसर परवाना घेतला. मी मॅडमना फोन केला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागली का माझी गरज?" त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

आज दर रविवारी मॅडम आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये नवे काही बनवणाऱ्यांना पेटंट कसे लिहावे ते शिकवतात. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून मासे वाळवण्याची नवी मांडणी घेऊन आलेल्या ताईंपासून महाविद्यालयातल्या प्राध्यापकांपर्यंत सगळे तिथे एकाच सतरंजीवर बसतात. ज्याला त्याला जगाएवढा दावा हवा असतो. मग मॅडम कोकणातल्या दगडी कुंपणाचा दाखला देतात, "लांब गडगो घातलास, तर राखतलो कोण?" सगळे हसतात आणि आपले दावे कापायला बसतात. मीही तिथे मदतीला असते.

परवा एक गोष्ट लक्षात आली. मॅडमनी आमचे स्टेशन कागदावर इतके बारकाईने तपासले, पण चालताना कधी पाहिलेच नव्हते. आम्ही त्यांना घाटकोपरच्या त्या रुग्णालयात घेऊन गेलो. उतारावरून तळघरात जाण्याआधी त्यांनी मालवणला धाकट्या बहिणीला फोन लावला आणि बोलत बोलत चालू लागल्या. पहिले तळघर, मग त्याखालचे. गाड्यांच्या रांगांमधून, एका स्टेशनाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत. फरझाना दोन पावले मागे. अगदी खाली, शेवटच्या भिंतीशी मॅडम थांबल्या आणि मोठ्याने विचारले, "गो, माझो आवाज येता मा?"

"येता गो! बोंबलतंस कित्याक?" बहीण इतक्या जोरात ओरडली की ते आम्हालाही ऐकू आले.

मॅडम मोकळेपणाने हसल्या. ते हसू तळघरभर घुमले.

मॅडम, हा ग्रंथ हातात पडल्यावर तुम्ही आधी त्यातल्या चुका काढाल, हे आम्हाला माहीत आहे. खुशाल काढा. तुमची नजर अशीच धारदार राहो, गुडघे तुम्हाला हॉलचे जिने चढू देवोत, आणि शंभरीच्या रविवारीही सतरंजीवर बसलेल्या कोणाला तरी तुम्ही विचारत असा, "यात नवीन काय आहे, सांग बघू?" उत्तर देणाऱ्यांची रांग आम्ही कमी पडू देणार नाही. आमचा दुसरा अर्ज दाखल झालेला आहे.