खंडेनवमीचं नारळपाणी

दादांनी माझा लॅपटॉप पूजेत मांडला तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. दादा म्हणजे माझे वडील. अणदूरच्या आमच्या घरी खंडेनवमीला शेतीची हत्यारं पाटावर मांडतात. विळा, खुरपी, कुऱ्हाड, आणि त्या वर्षी घरून काम करणाऱ्या लेकीचंही हत्यार. त्यांनी ते उघडूनच ठेवलं. "झाकलेल्या हत्याराची पूजा होत न्हाय, बाई," म्हणाले. मग नारळ फोडला आणि दरवर्षीसारखी सगळ्या हत्यारांवरून पाण्याची धार फिरवली.

धार कीबोर्डवरूनही फिरली. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि काळी झाली.

मी मुळातच तापट. नोकरी नवी, आठवडाभराचं काम त्यातच अडकलेलं. "तुम्हाला काही कळतं का? माझी भाकरी बुडवलीत!" भरल्या घरात, सणाच्या दिवशी, बापाला असं बोलले मी. त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि चपला घातल्या.

उमरग्यापर्यंत एसटीत त्यांनी तो मांडीवर पालथा धरला होता. पाणी निथळून त्यांचं धोतर ओलं झालं. मी फुगून खिडकीबाहेर बघत राहिले.

दुरुस्तीवाल्याचं दुकान उघडं होतं, पण पूजेपुरतं. स्क्रूड्रायव्हर, पकड, ब्रश, सगळं पाटावर ओळीनं मांडलेलं, वर झेंडू.

"काका, आज हत्यार उचलत न्हाय आमी. उद्या या."

"उद्यापत्तुर टिकंल का हे?" दादांनी विचारलं.

"काय सांगावं! नारळाचं पाणी लई वाईट. आतलं खात जातंय."

दादांनी पाटाकडं बघितलं. खंडेनवमीला आमच्या घरात विळीवर कांदासुद्धा चिरू न देणारा हा माणूस. त्यांनी चपला काढल्या, पाटापुढं वाकून हात जोडले, झेंडू बाजूला सारला आणि स्क्रूड्रायव्हर उचलून दुरुस्तीवाल्याच्या हातात ठेवला.

"खोला. पाप लागलं तर माझ्या माथी."

तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मग कामाला बसला. बॅटरी काढली, आतला भाग स्पिरिटनं घासला, गरम हवेनं वाळवला. कीबोर्ड गेलाच होता, तो नवा बसवला. दिवस कलताना स्क्रीन उजळली आणि माझं काम जिथल्या तिथं दिसलं.

दादा खुर्चीतून पुढं वाकले. "भाकरी वाचली का, बाई?"

मी नुसती मान हलवली. माफी मागावी असं फार वाटलं, पण जीभ उचललीच नाही. परतीच्या एसटीतही नाही, पुढंही कधी नाही. ते माझं राहूनच गेलं.

दादा जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या खंडेनवमीला त्यांच्या विळ्याशेजारी लॅपटॉप मीच मांडला, उघडून. नारळ मात्र उंबऱ्याबाहेर फोडला. हळदीकुंकू वाहते न वाहते तोच ऑफिसातून फोन आला, एक फाइल आत्ताच हवी होती.

मी पाटाकडं बघितलं. कीबोर्डवर झेंडू होता.

"उद्या देते," मी म्हणाले. फुलं बाजूला सारून लॅपटॉप माझ्या हातात ठेवणारं घरात आता कुणी नव्हतं.